ओटीतला कापूस

१९९८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला संशोधक पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेतल्या निरोगी उंदरिणींची बीजांडं एकाएकी बिघडली. गुणसूत्रांची मांडणीच विस्कटली होती. शोधाशोध केल्यावर कळलं, की प्लॅस्टिकचे पिंजरे चुकून जहाल साबणाने धुतले गेले होते आणि त्यांतून बिस्फेनॉल-ए हे रसायन झिरपत होतं. २००३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं तयार होतात. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ती ६०-७० लाख असतात, जन्मताना १०-२० लाख आणि वयात येताना तीन-चार लाख. त्यांतली जेमतेम ४००-५०० पिकतात. पुरुषाचं बीज रोज नवं तयार होतं. बाईचं बीजांड तिच्याइतकंच जुनं असतं. म्हणून दिवस गेलेल्या बाईच्या रक्तात जे उतरतं, ते तिच्या नातवंडाच्या बीजापर्यंत पोचू शकतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटच्या परिसरात अशी रसायनं कापसावर, मिरचीवर फवारलेल्या कीटकनाशकांतून घरात येतात. फवारणी हे पुरुषाचं काम, असं म्हणायची रीत आहे. पण पंपासाठी पाण्याच्या कळश्या वाहून आणते बाई, आणि औषधाने भिजलेला सदरा संध्याकाळी हाताने चोळून धुते तीही बाईच. वेचणीला तर बायकाच असतात. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, आणि फवारलेल्या झाडाचा कापूस दिवसभर पोटाशी राहतो.

डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, तरी ते मातीत आणि शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. एंडोसल्फान हे कीटकनाशक सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली थांबवलं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरलं. असा मृत्यू पंचनाम्यात दिसतो; चुकलेली पाळी, न टिकलेला गर्भ दिसत नाही.

२०१८ साली बोस्टनला वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या ३२५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कीटकनाशकांचा जास्त अंश असलेली फळं-भाज्या सर्वाधिक खाणाऱ्यांत गर्भ राहण्याची शक्यता १८ टक्क्यांनी आणि जिवंत मूल जन्मण्याची २६ टक्क्यांनी कमी आढळली. २०२५ साली इटलीत १८पैकी १४ स्त्रियांच्या बीजांडाभोवतीच्या द्रवात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले.

प्रत्येक रिकाम्या कुशीमागे औषधच असतं, असं नाही. वय असतं, गर्भाशयाचा क्षय असतो, नवऱ्यातला दोषही असतो. तरी गावात बोट वळतं ते तिच्याकडेच, आणि वांझ हा शब्द तिलाच ऐकावा लागतो. म्हणूनच डॉक्टरांना एक विनंती आहे. वय आणि पाळी विचारून झाली की आणखी एक प्रश्न केसपेपरवर लिहून घ्या: बाई, फवारणीनंतर किती दिवसांनी तुम्ही वेचणीला गेलात?