चिंता आणि कांति

भीतीनें अंगावर कांटा उभा राहतो, लाजेनें गाल आरक्त होतात, अशुभ वार्ता कानीं पडतांच माणूस पांढरा फटक पडतो आणि संतापानें अंगाची लाही होते. मन आणि त्वचा यांचें नातें आपल्या भाषेनें पूर्वींच ओळखून ठेविलें आहे. परंतु ह्या झाल्या क्षणभराच्या गोष्टी. तीच भीति किंवा तीच काळजी महिनोन् महिने मनांत घर करून राहिली, तर त्वचेवर काय परिणाम होतो, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाहीं. तो व्हावा, या हेतूनें आम्ही हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

त्वचेचा बाह्य थर आणि मज्जासंस्था हीं दोन्ही गर्भाच्या एकाच आवरणापासून निर्माण होतात. पुढें एक आंत जाते व दुसरा बाहेर राहतो, तरी त्यांचा संबंध तुटत नाहीं. मनावर ताण पडला कीं मेंदूच्या सूचनेनें मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथि कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य रक्तांत अधिक सोडूं लागतात. थोडा वेळ तें उपकारकच असतें. मात्र तें दीर्घकाळ वाढलेलें राहिलें, तर जखमेकडे प्रथम धांवून जाणाऱ्या पेशींचें कार्य मंदावतें, आणि त्वचेचा ओलावा राखणारा वरचा थर बिघडल्यास तो लवकर पूर्ववत् होत नाहीं. इसब, सोरायसिस, पित्ताच्या गांधी, तारुण्यांतील मुरुमें हे विकार केवळ काळजीनें जडतात असें नव्हे. त्यांचीं कारणें निराळीं आहेत. तथापि काळजीच्या दिवसांत ते बळावतात, हा अनुभव पुष्कळांना आहे.

याविषयीं अमेरिकेंत झालेले दोन प्रयोग कुटुंबवत्सल वाचकांनीं अवश्य लक्षांत घेण्याजोगे आहेत. ओहायओ येथील विद्यापीठांत डॉ. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या. वयानें व सांपत्तिक स्थितीनें तशाच, पण हा भार नसलेल्या, दुसऱ्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहानशी जखम केली. दुसऱ्या गटांतील स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरून आली. शुश्रूषा करणाऱ्यांना सुमारें ४९ दिवस लागले. हा वृत्तांत १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००५ सालीं याच संशोधकांनीं ४२ दांपत्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या पतिपत्नींच्या बोलण्यांत कटुता अधिक, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या मानानें शेंकडा ६० इतकाच आढळला.

आतां आपल्या घरांकडे वळूं. वडील माणसाला विस्मरणाचा विकार जडतो. तें रात्रीं उठून दार उघडूं लागतें, जेवलेलें विसरतें, घरच्यांना ओळखीनासें होतें. त्याच्या उशाशीं बसणारी बहुधा सून किंवा लेक असते. तिच्या हातावरचें इसब चिघळलें, तर घरांतून सल्ले येतात: साबण बदल, तिखट सोड, हळद लाव. पण तिला गेल्या महिन्यांत एक तरी रात्र सलग झोप मिळाली काय, हें कोणी विचारीत नाहीं.

‘मनाचा रोग’ म्हणजे खोटा रोग, ही समजूत तर सर्वस्वीं टाकून दिली पाहिजे. ती खाज खरी असते, ती आगही खरी असते. खाजविल्यानें त्वचा सोलवटते, त्यामुळें खाज वाढते, झोप उडते आणि मन अधिकच त्रासतें. हें चक्र ‘काळजी करूं नकोस’ एवढ्या उपदेशानें थांबत नाहीं. त्वचारोगतज्ज्ञांचा उपचार प्रथम हवाच. दुकानांतून परस्पर आणलेलीं स्टेरॉइडयुक्त मलमें दीर्घकाळ लावल्यानें त्वचा पातळ होते, हेंही ध्यानांत असावें.

मात्र औषधाच्या जोडीला तिच्यावरचा भार हलका करणें हें घरच्यांचें काम आहे, आणि एकत्र कुटुंबाला तें सहज साधण्यासारखें आहे. सर्व मंडळींनीं एकदां बसून आठवड्याच्या सात रात्री आपसांत वांटून घ्याव्या, त्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्या, आणि त्या यादींत घरांतील पुरुषांचींही नांवें असावीं, एवढीच आमची सूचना आहे.