सात बहिणी, चार चिंचोके आणि बत्तीस पानं

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी काय किंवा आसपासची गावं काय, धान घरात आलेलं असतं, पाहुणे उतरलेले असतात आणि रात्री नाटक असतं. वडशातल्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात, प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. पण या नाटकांहून जुनी इथली दंडार. तिच्यात गोष्टीचा सांगाडा सगळ्यांना ठाऊक असतो, बोलणं मात्र पुष्कळदा उभ्याउभ्या सुचेल तसं. आता या दंडारीतून प्रेक्षक काढून टाका, नटांना सतरंजीवर गोल बसवा आणि ‘हे जमलं की फसलं’ असा प्रश्न आला की फासे टाकायचं ठरवा. जगभर ज्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, तो साधारण असा असतो.

त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. चार-पाच जण लागतात, त्यातला एक सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, “तुम्ही तलावाच्या पाळीवर उभे आहात. पाण्याखाली हिरवा उजेड लुकलुकतोय. तिकडून तुझ्या आजीच्या आवाजात हाक येतेय.” एक खेळाडू म्हणतो, “मी ओ देत नाही, खडा मारून बघतो.” दुसरी म्हणते, “माझी आजी घरी भात रांधतेय. मी विचारते, तू कोण?” इथून पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नसतं, सूत्रधारालाही नाही. जिंकणं-हरणं असं काही नाही. दोन-तीन तासांनी हाती उरते ती सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट, आणि ती पुढच्या रविवारी पुढे चालू.

असा खेळ लिहून, स्वतः छापून विकणारे लोक आज जगभर आहेत. त्यातला एक प्रकार सायन्स फँटसीचा. निखळ विज्ञानकथेत यंत्र कसं चालतं याचं उत्तर द्यावं लागतं. अद्भुतकथेत मंत्र म्हटला की झालं. सायन्स फँटसीत दोन्ही एकाच चुलीवर शिजतात: यंत्र आहे, पण ते बनवणारे इतके जुने झालेत की आता लोक त्याला नैवेद्य दाखवतात.

हे सगळं अमेरिकेतून आलं हे खरं, पण मोठ्या कंपनीतून आलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला गॅरी गायगॅक्स विम्याची नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करत होता. डेव्ह आर्नसनबरोबर रचलेला त्याचा खेळ प्रस्थापित प्रकाशकांनी घेतला नाही, तेव्हा त्याने डॉन के या मित्राबरोबर 1973 मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती जानेवारी 1974 मध्ये निघाली, प्रती 1000, किंमत 10 डॉलर. खोकी घरीच भरली जात. पुढच्याच वर्षी फिनिक्समधल्या केन सेंट आंद्रेला तो खेळ आवडला पण नियम किचकट वाटले. त्याने आपले सोपे नियम लिहिले आणि विद्यापीठाच्या छापखान्यातून 100 प्रती काढून घेतल्या. तो ‘टनेल्स अँड ट्रोल्स’. म्हणजे ज्याला आज स्वयंप्रकाशन म्हणून वेगळं काढतात, त्यावरच हा अख्खा छंद उभा राहिला.

आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा माणूस मात्र तिसराच. एम. ए. आर. बार्कर. मूळ नाव फिलिप, जन्म 1929 चा, भाषाशास्त्रज्ञ. 1951 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो भारतात आला, इथेच त्याने इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद अब्द-अल-रहमान हे नाव घेतलं. पुढे उर्दू आणि बलुची शिकण्याची पाठ्यपुस्तकं केली, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचा विषय शिकवला. लहानपणापासून त्याच्या डोक्यात एक जग होतं, टेकुमेल. विद्यार्थ्यांकडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कळल्यावर त्याने त्या जगासाठी नियम लिहिले आणि 1974 मध्ये त्यांच्या साधारण 50 प्रती यंत्रावर काढून वाटल्या. 1975 मध्ये गायगॅक्सच्या कंपनीने ते नियम ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने छापले.

टेकुमेलची कल्पना बघण्यासारखी आहे. दूरच्या भविष्यात माणसांनी एक परका ग्रह राहण्याजोगा केला. मग काहीतरी विश्वव्यापी अपघात झाला आणि तो ग्रह सूर्यासकट एका वेगळ्याच पोकळीत जाऊन पडला. आकाशातले तारे गेले, बाहेरून येणारा माल थांबला. हजारो वर्षांत लोक यंत्रं विसरले, देवळं उभी राहिली, जमिनीखाली जुने बोगदे आणि अर्धवट चालणारी उपकरणं तेवढी राहिली. त्यात ग्रहावर धातू फार थोडा. त्यामुळे चिलखतं आणि हत्यारं ‘च्लेन’ नावाच्या प्राण्याची कातडी प्रक्रियेने कडक करून बनवतात. या एका टंचाईने त्या जगाचा व्यापार, युद्ध, श्रीमंती सगळं ठरवलं. नवख्या लेखकांनी बार्करकडून शिकावं ते हेच. शंभर राजांची वंशावळ लिहिण्यापेक्षा एक टंचाई नीट ठरवली तर जग आपोआप उभं राहतं.

बार्करचं दुसरं अंगही सांगायला हवं. त्याने टोपणनावाने 1991 मध्ये नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्याच्या कामाचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच 2022 मध्ये मान्य केलं. तोवर त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या जगात खेळावं की नाही यावर खेळाडूंमध्ये मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत.

आता दिघोरीकडे. इथे जग रचायला कच्चा माल कमी नाही. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव इथे आहेत. मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चं लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झालं. त्यातला सगळ्यात नामांकित नवेगाव बांध. 1999 मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तोही भंडारा जिल्ह्यातच होता. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. बांध घालताना त्यांनी कोलूला मदत केली अशी आख्यायिका आहे, आणि कोलूही पुढे देव झाला.

या आख्यायिकेत सायन्स फँटसी जवळजवळ तयार आहे. काळ आणखी पाच हजार वर्षं पुढे न्या. झाडीत माणसं आहेत, धान आहे, पण पाऊस आता बेभरवशाचा. पाणी कुणाला किती सोडायचं ते सात टेकड्यांवरचे सात आवाज ठरवतात. त्या देवी आहेत की कुणीतरी बसवलेली आणि विसरून गेलेली यंत्रं? पुस्तकाने याचं उत्तर देऊ नये, ते खेळणाऱ्यांवर सोडावं. टंचाई पाण्याची. पात्रं कोण? पाळ राखणारा, जुने पत्रे आणि तारा वेचणारी, बहिणींचा कौल लावणारा, दंडारीतला सोंगाड्या. रानातल्या जीवांच्या नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उशाशी घ्यावा. त्यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावात काम केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावं टिपली. एक पथ्य मात्र पाळायचं. सात बहिणींना आजही लोक मानतात, तेव्हा त्यांची नावं जशीच्या तशी उचलून त्यांना खलनायिका करणं शोभणार नाही. नाव बदलावं, टेकड्याही हलवाव्यात आणि गावातल्या जाणत्यांना आधी वाचून दाखवावं.

नियमांकडे बहुतेक जण उगाच घाबरून बघतात. पुष्कळ परदेशी खेळांना आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागतात आणि ते तालुक्याच्या दुकानात मिळायचे नाहीत. चिंचोके मात्र घरोघर आहेत. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, एक काळी. अष्टचंग खेळलेल्याला हे सांगायला नको. असे चार चिंचोके टाकले तर निकालाच्या 16 शक्यता होतात. त्यातल्या 5 मध्ये तीन किंवा चारही पांढरे पडतात: काम फत्ते. 6 मध्ये बरोबर दोन पांढरे: काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. उरलेल्या 5 मध्ये एक किंवा शून्य पांढरा: गोष्ट अंगाशी येते. पात्राला त्या कामाची सवय असेल तर पाचवा चिंचोका द्यायचा. मग 32 शक्यतांपैकी 16 पूर्ण यशाच्या होतात, 10 मधल्या आणि फक्त 6 अपयशाच्या. एका जास्तीच्या चिंचोक्याने यशाची शक्यता 31 टक्क्यांवरून 50 वर जाते. गणित इतकंच.

मधली पायरी, म्हणजे ‘जमलं पण किंमत देऊन’, ही खरी गंमत आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या जोडप्याने 2010 मध्ये स्वतः प्रकाशित केलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने ती लोकप्रिय केली आणि तिच्या ढाच्यावर इतरांनी ढिगाने खेळ लिहिले. कारण सरळ आहे. नुसतं हो किंवा नाही आलं तर गोष्ट थांबते. ‘दार उघडलं, पण कंदील आत पडला’ आलं तर ती पळते. मात्र खरा चिंचोका कागदावरच्या गणिताइतका प्रामाणिक नसतो. सपाट बाजू आणि फुगीर बाजू सारख्या वेळा पडतीलच असं नाही. म्हणून वही घेऊन दोनशे वेळा टाकून बघावा लागतो आणि आकडे तिरपे आले तर नियम हलवावा लागतो.

मग चाचणी. पहिल्या बैठकीत लेखक स्वतः सूत्रधार असतो, आणि तिथेच फसगत होते. पुस्तकात जे राहून गेलंय ते तो तोंडी भरून काढतो आणि त्याला कळतही नाही. खरी परीक्षा म्हणजे हस्तलिखित अनोळखी मंडळींना देऊन लेखकाने कोपऱ्यात गप्प बसायचं. कुठे पानं मागे-पुढे उलटली जातात, कुठे वाद होतो, कोणता नियम सगळेच विसरले, हे नोंदवायचं. विसरलेला नियम बहुधा नकोच असतो. पुष्कळ चांगले खेळ असे कमी होत होत चांगले झाले. जॉन हार्परचा 2013 चा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानात मावतो.

छपाईसाठी ए-फाइव्ह आकाराची 32 पानी पुस्तिका पुरते. ए-फोरचे 8 कागद दोन्ही बाजूंनी छापायचे, दुमडायचे, मध्ये पिना मारायच्या. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. मराठीत हे काही नवं नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 1954 मध्ये ‘शब्द’ सुरू केलं ते सायक्लोस्टाइल करूनच. आजची अडचण वेगळी आहे. मजकूर युनिकोडमध्ये लिहिलेला आणि छापखान्यात जुनी श्रीलिपी, मग जोडाक्षरांची लापशी होते. त्यापेक्षा पानं आपणच लावून पीडीएफ करून न्यावं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, बारीक अक्षरातही वाचायला स्वच्छ.

कायद्याची बाजू लेखकाच्या सोयीची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने मजकूर आणि चित्रं सुरक्षित राहतात, नुसती खेळण्याची पद्धत नाही. म्हणजे बेकरांची तीन पायऱ्यांची रीत घेता येते, त्यांची वाक्यं नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आजच्या मालकांनी जानेवारी 2023 मध्ये इतरांना आपले नियम वापरू देणारा जुना खुला परवाना आवळायचा प्रयत्न केला. खेळाडू इतके खवळले की महिना संपायच्या आत मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा करावा लागला. चित्रांबाबत मात्र हयगय नको. गावातल्या चित्रकाराकडून काढून घेतली तर कशासाठी, किती काळ वापरणार ते एका कागदावर लिहून सही घ्यावी आणि पैसे पुस्तक विकण्याआधी द्यावेत.

आयएसबीएन क्रमांकाला भारतात शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईत टाउन हॉलच्या इमारतीत आहे. पीडीएफ विकायला 2013 पासून चालू असलेलं इच डॉट आयओ किंवा ड्राइव्हथ्रू आरपीजी आहे. ‘परवडेल ते द्या’ अशी किंमतही ठेवता येते.

छापील प्रतींसाठी मराठी प्रकाशकांची जुनी रीत उत्तम: प्रकाशनपूर्व सवलत. नोंदणी घ्यायची, पैसे जमले की तेवढ्याच प्रती छापायच्या. पहिल्या खेपेला पन्नास पुरेत. शुद्धलेखनाच्या आणि नियमांच्या चुका पहिल्याच महिन्यात खेळणारे कळवतात, आणि दोन हजार प्रती माळ्यावर पडलेल्या असतील तर त्या दुरुस्त करायची सोय राहत नाही.