मिरचीला कुणी अ‍ॅलर्जी म्हणत नाही

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत शिरलेला माणूस शिंकल्याशिवाय बाहेर पडत नाही. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरचीची पोती, मसाला कांडणारे डंक आणि हवेत तरंगणारं तिखट. डोळ्यांना धार, नाक वाहतंय, घशात ठसका. लक्षणं अगदी अ‍ॅलर्जीची. पण इथून उठून कुणी रक्ततपासणीला जात नाही. मिरचीचा गुणच तो, म्हणून नाक पुसून पुढे चालू लागतात. हा समंजसपणा घरी मात्र टिकत नाही. सकाळी चार शिंका आल्या, रात्री नाक चोंदलं, की ‘मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे’ असं आपणच ठरवतो आणि सेटिरिझिनची पट्टी घेऊन येतो.

खरी अ‍ॅलर्जी हा प्रतिकारशक्तीचा प्रकार. परागकण, झुरळांचे अवशेष, गादी-उशीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जिवांची विष्ठा यांतल्या प्रथिनांना शरीर शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की या पेशी हिस्टामिन सोडतात. म्हणजे त्यासाठी आधीची ओळख लागते.

मिरचीला ओळखपाळख लागत नाही. नाकाच्या अस्तरात ट्रायजेमिनल या मज्जातंतूची टोकं पसरलेली असतात. त्यांवर टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक असतो. तो भाजणाऱ्या उष्णतेला जागा होतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनलाही. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि त्या संशोधनासाठी २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्याचाच भाऊबंद टीआरपीए१ मोहरीच्या झणक्याला आणि धुरातल्या अ‍ॅक्रोलिनला चाळवतो. तंतू चाळवला की मेंदू पाणी सोडतो, शिंक काढतो. या सगळ्यात हिस्टामिनचं काम फारसं नसल्याने नेहमीच्या गोळीचा उपयोगही बेताचाच.

काहींचे हे तंतू इतके हळवे असतात, की उग्र अत्तर, ओला रंग, एसीतून एकदम उन्हात जाणं एवढंही पुरतं. अशांच्या अ‍ॅलर्जीच्या चाचण्या कोऱ्या येतात आणि ‘मग मला होतंय तरी काय?’ म्हणून माणूस हैराण होतो. थोडा फरक खाजेवरून कळतो. अ‍ॅलर्जीत नाक, डोळे, टाळू खाजतात. तंतूंच्या तक्रारीत खाज कमी, पाणी आणि चोंदणं जास्त, आणि त्रास बहुधा मोठेपणी सुरू झालेला. मात्र अनेकांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, तेव्हा निवाडा डॉक्टरांचाच. गंमत म्हणजे अशा नाकांवर बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी कॅप्सेसिनचाच फवारा वापरून पाहिला. वारंवार मारा झाल्यावर तंतू थकतात आणि कुरकुर थांबते. म्हणून तिखटपूड हुंगायला जाऊ नका. तो फवारा मोजूनमापून बनवलेला असतो.

आता आपल्या घरातल्या धुराकडे वळू. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल पूर्ण जळताना अडीच मायक्रॉनहून बारीक असे जे कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. हे सारं दार-खिडक्या लावून, उशाशी. उदबत्तीचंही फार वेगळं नाही: एक ग्रॅम उदबत्तीतून सुमारे ४५ मिलिग्रॅम कण निघतात, एक ग्रॅम सिगारेटीतून सुमारे १०. ‘आमची शुद्ध चंदनाची आहे’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. चंदन जळाल्यावरही धूरच होतो. देवाला उदबत्ती लावूच नये असं नव्हे, पण खिडकी उघडली तर देवाची काही हरकत नसावी.

दिवाळीच्या साफसफाईत आणखी एक घातक प्रकार चालतो. फरशी लख्ख व्हावी म्हणून ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र ओततात. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. त्यानंतर आठवडाभर टिकणाऱ्या खोकल्याला ‘धुळीचा त्रास’ म्हणणं म्हणजे धुळीवर अन्यायच.

कधी कधी तर उपायच दुखणं होऊन बसतो. नाक मोकळं करणाऱ्या थेंबांत झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन असतं. ते अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि काही मिनिटांत श्वास सुरू होतो. पण तीन-पाच दिवसांपुढे ते चालू ठेवलं, की असर ओसरताना अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. बाटली उशाशी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक पर्समध्ये अशी माणसं वर्षानुवर्षं काढतात आणि कारण विचारलं तर धुळीकडे बोट दाखवतात. थेंब सोडले की नाक मोकळं होतं, पण आधी काही वाईट रात्री काढाव्या लागतात. तेवढ्या काळापुरता डॉक्टर बहुधा स्टिरॉइडचा फवारा देतात.

रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणाऱ्यांच्या घशाशी येणारं आम्ल, किंवा रक्तदाबाची रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी गोळी, यांनीही रेंगाळणारा कोरडा खोकला लागतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पर्याय असतात, विचारायचं.

त्रास कधी होतो, यावरून पुष्कळ कळतं. कापड गिरण्यांच्या ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांतल्या कामगारांना होणाऱ्या बायसिनोसिसची खूणच ती होती: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आलं, की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढे आठवड्यात कमी होत जाते. कापसाच्या धुळीतल्या जिवाणूंची एंडोटॉक्सिनं हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. आयजीईचा तिथे संबंध नाही.

सगळ्यात जपावं लागतं ते मात्र ‘अ‍ॅलर्जीचा खोकला’ म्हणून झाकून राहणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसला. यातही प्रतिकारशक्तीच बिथरते, पण आयजीईच्या वाटेने नव्हे, आणि सूज नाकात नाही, थेट फुप्फुसाच्या खोलात असते. भारतातल्या १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या ऊतींचे आजार नव्याने निदान झालेले हे रुग्ण. त्यांतल्या ४७ टक्क्यांना हाच विकार होता आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. विदर्भ-खानदेशात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. ओल्या ताट्यांवर आणि टाकीतल्या शिळ्या पाण्यात बुरशी वाढते, आणि पंखा तिचे बीजाणू रात्रभर खोलीत फेकत राहतो. मुंबई-पुण्यात हेच काम डक्टमध्ये, खिडकीच्या सज्जावर घरटी करणारी कबुतरं करतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासातून आत जातात. महिनोन्‌महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम लागणं, अधूनमधून कणकण अशी सुरुवात होते. अशा वेळी छातीच्या डॉक्टरांनी कूलर कधी धुता, खिडकीत कबुतरं बसतात का, असं विचारलं तर नीट आठवून सांगावं. वेळीच कारण दूर झालं तर सूज उतरू शकते. फुप्फुसात एकदा व्रण धरले, की ते कोणत्याही गोळीने पुसले जात नाहीत.