बेटावर यजमान कोण?

मालदीवची सहल म्हटली की डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते: उथळ निळ्या पाण्यात खांबांवर उभ्या लाकडी खोल्या, पांढरी वाळू, कललेले माड. त्या चित्रात मालदीवचा माणूस सहसा नसतो. प्रवाशांना स्थानिक लोकांबद्दल कुतूहलच नसते, असा दोष मग आपण पर्यटकांवर ठेवतो. हा दोष बराचसा अन्यायाचा आहे. पाहुण्याने कुठे उतरायचे आणि गावकऱ्याने कुठे राहायचे, हे या देशात अनेक दशके सरकारी धोरणाने वेगवेगळे ठेवले होते. बेटावरचे जीवन प्रवाशाला दिसते की नाही, हे त्याच्या स्वभावापेक्षा मुक्कामाच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. ज्या व्यवस्थेत गाव स्वतः यजमान असते, तिथेच ते जीवन खऱ्या अर्थाने आणि सन्मानाने पाहता येते, असे माझे मत आहे.

मालदीव हा सुमारे १,२०० प्रवाळबेटांचा देश. कायमची वस्ती त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर आहे. म्हणजे निर्जन बेटे भरपूर, आणि पर्यटनाचा सारा आराखडा याच गोष्टीवर बेतला गेला. १९७२ मध्ये राजधानी मालेजवळच्या विहामानाफुशी या निर्जन बेटावर पहिले रिसॉर्ट उभे राहिले. आज ते कुरुंबा नावाने ओळखले जाते. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत पडली. सरकारने बेट भाडेपट्ट्याने द्यायचे आणि घेणाऱ्या कंपनीने तिथे धक्का, वीज, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र, कर्मचाऱ्यांच्या खोल्या असे सगळे उभारायचे. वस्तीच्या बेटांवर पर्यटकांनी मुक्काम करण्यावर १९८०च्या दशकात बंधने आली. देश मुस्लिम आणि परंपरानिष्ठ, तर येणारे बहुतेक पाहुणे युरोपातले. मद्य आणि पोहण्याचे कपडे यांचा गावाशी संबंध येऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड होता.

या रचनेत पाहुण्याला काय दिसते, याचा विचार करू. विमानतळ हुलहुले बेटावर आहे. तिथून स्पीडबोट किंवा सी-प्लेन थेट रिसॉर्टच्या धक्क्याला नेते. मालेत पाऊल ठेवण्याचीही गरज पडत नाही. जेवणातले बहुतेक जिन्नस परदेशातून आलेले असतात. सेवा करणाऱ्यांत मालदीवचे लोक असतात, तसेच बांगलादेश, भारत आणि श्रीलंकेतून आलेलेही असतात, आणि त्यांच्या राहण्याच्या खोल्या पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेल्या असतात. ईदला आणि लग्नकार्यात गावागावांत घुमणारे बोडुबेरूचे ढोल इथे ठरलेल्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेपुरते वाजतात. ‘स्थानिक बेटाची सफर’ हीसुद्धा विक्रीचीच एक वस्तू असते: अर्ध्या दिवसात एक गल्ली, एक मशीद, भेटवस्तूंची दोन-चार दुकाने पाहायची आणि परतायचे. हा पाहुणा गावात जेवत नाही, झोपत नाही आणि गावाच्या नियमांखाली राहतही नाही. त्याच्यासाठी गाव हे केवळ प्रेक्षणीय स्थळ ठरते, आणि गावकऱ्याला ते नाकारण्याचा वा त्याच्या अटी ठरवण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

२००८ मध्ये मालदीवमध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, तीस वर्षांची मौमून अब्दुल गयूम यांची सत्ता संपली आणि मोहम्मद नशीद अध्यक्ष झाले. त्यानंतर लगेचच वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढण्याची मुभा मिळाली. मालेच्या दक्षिणेचे माफुशी हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण. मासेमारीसाठी आणि देशाच्या तुरुंगासाठी ओळखले जाणारे हे बेट काही वर्षांत गेस्टहाऊसनी भरून गेले. आज देशभरात अशी शेकडो गेस्टहाऊस आहेत. इथे उतरलेल्या पाहुण्याला पहाटे अजान ऐकू येते. सकाळी वाळूचे रस्ते झाडणाऱ्या बायका दिसतात. न्याहारीला मास हुनी मिळते: बारीक केलेला ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, आणि त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची व लिंबू, सोबत आपल्या पोळीच्या जातीची रोशी. बंदराशेजारी दोरीच्या जाळीच्या बैठकांवर, जोआलींवर, गप्पा मारत बसलेली माणसे भेटतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद होतात आणि पाहुण्यालाही थांबावे लागते. मला या थांबण्याचे मोल फार वाटते. गावाच्या वेळेप्रमाणे ज्याला आपला दिवस बदलावा लागतो, त्यालाच ते गाव कळू लागते.

यावर पहिला आक्षेप संस्कृतीचा घेतला जातो. पर्यटक दूर ठेवले म्हणूनच बेटांवरची जीवनपद्धती टिकली. ते गावात शिरले तर ती विरघळेल, असे म्हणणारे मालदीवमध्येही आहेत. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु बेटांनी त्यावर काढलेला मार्गही पाहायला हवा. वस्तीच्या बेटांवर मद्यबंदी कायम आहे. पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा एक भाग राखून, आडोसा घालून ‘बिकिनी बीच’ आखला जातो. बाकी गावात अंग झाकूनच वावरावे लागते. पूर्वी मर्यादा राजधानीतून आखली जात होती आणि तिचा अर्थ पाहुणा गावात नकोच, असा होता. आता पाहुणा यावा, पण गावाच्या अटींवर, असे गाव सांगू शकते. संस्कृती जपण्याचा हा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण त्यात गावकऱ्यांचा शब्द चालतो.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आणि पैशाचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. रिसॉर्टमध्ये पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची जबाबदारी एका कंपनीवर टाकता येते. चिमुकल्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसची गर्दी झाली की गोड्या पाण्यापासून कचऱ्यापर्यंत सगळ्यावर ताण येतो, आणि माफुशीने तो अनुभवला आहे. शिवाय प्रत्येक गेस्टहाऊस गावकऱ्याच्याच मालकीचे असते असेही नाही; मालेतले भांडवलदार जागा भाड्याने घेऊन ते चालवतात. हे सगळे खरे आहे. पण म्हणून जुनी व्यवस्था स्वच्छ होती असे ठरत नाही. १९९२ पासून मालेचा आणि रिसॉर्टांचा कचरा थिलाफुशी या एकाच ठिकाणी, उथळ पाण्यात भराव घालत टाकला गेला; पाहुण्याला तो दिसला नाही, एवढेच. रिसॉर्टचा पैसा भाडेपट्टे आणि करांच्या रूपाने सरकारकडे जातो आणि तिथून शाळा-दवाखान्यांपर्यंत पोहोचतो, हेही मान्य. मात्र रिसॉर्टच्या नोकरीसाठी घर सोडून महिनोन्‌महिने दुसऱ्या बेटावर राहावे लागते, आणि म्हणून मालदीवच्या स्त्रिया त्या नोकऱ्यांत फार थोड्या आहेत. गावातल्या गेस्टहाऊसमुळे स्वयंपाक, किराणा, होडी, मासळी अशा कामांचे चार पैसे घराजवळ मिळण्याची शक्यता तरी तयार होते. म्हणून कचऱ्याची सोय आणि गेस्टहाऊसच्या संख्येवर मर्यादा यांचा आग्रह धरायला हवा. गावाचे दार पुन्हा बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

तिसरा आक्षेप साधा आणि प्रामाणिक आहे: वर्षभर राबलेल्या माणसाने चार दिवस समुद्राकडे पाहत पडून राहिले तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. विश्रांतीला समर्थनाची गरज नसते. पण रिसॉर्टमध्ये राहून ‘मालदीव पाहिला’ असे मानणे चूक आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या सफरीत गावाचे फोटो काढून ती उणीव भरून निघत नाही. मराठी प्रवाशाला हा फरक समजायला अवघड नाही. मालवण, तारकर्ली, गुहागर या बाजूला निवास-न्याहारीच्या घरांत राहिलेल्यांना ठाऊक आहे की समुद्र तोच असला तरी, घरच्या बाईने रांधलेले ताटात पडते आणि बाजारात आज कोणती मासळी आली याच्या गप्पा कानावर पडतात, तेव्हा गावाशी आपले नाते बदलते.

म्हणून मालदीवला जाणाऱ्याने एक छोटा निर्णय घ्यावा: मुक्कामातल्या निदान दोन रात्री वस्तीच्या बेटावर काढाव्यात, गावाचे नियम सोयीचे नसले तरी पाळावेत, जेवण आणि होडीचे पैसे तिथल्याच माणसाच्या हाती द्यावेत आणि परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढू नये. दुसऱ्याचे जीवन पाहण्याचा हक्क तिकिटासोबत मिळत नाही. त्याच्या अटी मान्य केल्या, स्वतःलाही त्याच्या नजरेस पडू दिले आणि त्याच्या घराला आपल्या येण्याचा काही उपयोग झाला, तरच तो हक्क थोडाफार मिळतो.