स्प्रिंगचा एक वेढा

राजुरा आणि गडचांदूर मागे टाकून दक्षिणेकडे निघालं की माणिकगडचा पहाड लागतो, आणि पहाडावर जिवती तालुका. पलीकडे तेलंगणाची हद्द. कोलाम आणि गोंडांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेल्या शेतकऱ्यांची गावं, मध्ये कापूस आणि तूर. पहाडाखाली चुनखडक आहे आणि त्याच्या भरवशावर गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीला उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. त्यामुळे इथल्या गाडीला एकाच फेरीत तीन तऱ्हेचे रस्ते भेटतात: जड ट्रकांनी दाबलेलं डांबर, घाटाची वळणं आणि गुड्याकडे वळणारी काळ्या मातीची वाट. स्प्रिंग कापून गाडी जमिनीलगत आणायची हौस मोबाइलच्या पडद्यावरून आता कुठल्याही गावात पोचते. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर ती खर्चाची आणि आवडीनिवडीची बाब राहील. जिवतीसारख्या ठिकाणी मात्र ती साध्या हिशेबातही बसत नाही. गाडीची उंची कंपनीने सहज ठेवलेली नसते. रस्ता, वजन आणि स्प्रिंग यांचा मेळ घालून ती ठरलेली असते. त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप चुकतात.

मुळात स्प्रिंग काय करते ते पाहू. मोटारीची गुंडाळी स्प्रिंग म्हणजे पीळ सोसणारी एक लांब पोलादी सळई, जागा वाचावी म्हणून वेटोळी केलेली. तिचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. वेढे जितके कमी तितकी स्प्रिंग कडक. सहा वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली स्प्रिंग सहास पाच या प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी कडक होते. गाडी किती खाली येईल, हेही सोपं आहे. गाडी उभी असताना, तिच्या वजनाखाली एका वेढ्याने जेवढी उंची व्यापलेली असते, साधारण तेवढीच. ती उंची ४० मिलिमीटर असेल तर स्प्रिंग तेवढ्याने आखूड होते. पैसे जवळजवळ लागत नाहीत, तासाभरात काम उरकतं, गाडी ऐटदार दिसते आणि हाताला थोडी कडकही लागते. सौदा स्वस्तातला वाटतो तो इथेच.

खरा तोटा दिसत नाही, कारण तो चाकाच्या वरच्या रिकाम्या जागेत असतो. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ते वर उचललं जातं. त्याला वर जायला लहान गाड्यांत ढोबळमानाने आठेक सेंटिमीटर जागा असते, आणि त्यापुढे रबराचा बंप स्टॉप. धक्क्याचा जोर स्प्रिंगने या आठ सेंटिमीटरांत गिळायचा असतो. गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली की उरतात चारच. आता स्प्रिंग किती जोर गिळते ते तिच्या कडकपणावर आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. अंतर निम्मं झालं तर तोच धक्का तेवढ्यातच पेलायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. वेढा कापून मिळाला फक्त २० टक्के कडकपणा. मधली तूट कोण भरून काढणार? थोडी शॉकअप भरतो, बाकीची बंप स्टॉप, आणि बंप स्टॉपच्या मागे गाडीचा पत्रा, जोड आणि आत बसलेल्यांचे मणके. चौपट कडक स्प्रिंग खरोखरच बसवली, तर गाडी बैलगाडीसारखी हादरेल. कापलेल्या स्प्रिंगच्या बाजूने असलेला सगळा युक्तिवाद या एका गुणाकारापाशी अडतो.

कापण्याची पद्धत त्यात भर घालते. स्प्रिंगचं पोलाद तापवून, एकदम थंड करून आणि पुन्हा बेताने तापवून मुरवलेलं असतं. दबून परत मूळ लांबीवर येण्याचा गुण त्या मुरवण्यात असतो. गॅस कटरने कापताना काठाजवळची तार लालभडक होते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. काही जण कापायचंही टाळतात आणि नुसती ज्योत लावून स्प्रिंग बसवतात. अशी स्प्रिंग पुढे हळूहळू आपणच बसत जाते, दोन्ही बाजूंना सारखीही नाही. ग्राइंडरने थंड कापली तर पोलाद वाचतं, पण टोकाचा प्रश्न राहतो. स्प्रिंगचं टोक तिच्या वाटीत नीट टेकावं म्हणून खास वळवलेलं असतं, आणि कापलेलं टोक तसं टेकत नाही. शिवाय स्प्रिंग आखूड झाल्यामुळे चाक खड्ड्यात लोंबकळलं की ती वाटीतून सैल होऊ शकते आणि चाक वर येताना तिरकी बसू शकते. शॉकअप तर जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. कडक झालेल्या स्प्रिंगची उसळी आवरायचा दम त्याच्यात नसतो आणि आता तो कायम अर्धा दबलेल्या अवस्थेत काम करतो. पुढची चाकं आतल्या बाजूला कलतात, अलाइनमेंट बिघडते, टायर आतल्या कडेने झिजू लागतो.

आता जमिनीकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा सौम्य उंचवटा, ताशी २५ किलोमीटरने पार करण्यासाठी. स्विफ्टसारख्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असतं. तेवढ्या अंतरात हा उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. म्हणजे गतिरोधक मापात असेल तर खाली बसवलेली गाडीही सुखरूप जाईल. पण गावोगावचे गतिरोधक मापात कुठे असतात? शाळेसमोर, बाजाराच्या तोंडाशी, कोणाच्या घरापुढे अपघात झाल्यावर रातोरात घातलेला डांबराचा किंवा सिमेंटचा अरुंद बांध हा इथला खरा गतिरोधक. पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची चढायची असतात आणि बांधाची पुरी उंची गाडीच्या पोटाखाली येते. याहून वाईट म्हणजे काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टरची मोठी चाकं तिच्यात खोल चाकोऱ्या पाडतात, मातीचा वरंबा मध्ये तसाच राहतो आणि उघडीप पडली की दगडासारखा वाळतो. कारची चाकं चाकोरीत उतरतात आणि वरंबा थेट इंजिनाच्या चेंबरला भिडतो. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची कागदावर १६३ मिलिमीटर. त्यातून ४० वजा केले की १२३. पाच माणसं आणि मागे दोन पोती चढली की मागची बाजू आणखी चार-पाच सेंटिमीटर सहज दबते. उरलेल्या वितभरापेक्षाही कमी जागेतून वरंबा, दगड आणि बांध पार करायचे. चेंबर फुटला तर तेल गळतं, तेल संपल्यावरही गाडी चालवली तर इंजिन जाम होतं, आणि मग टोचन लावून घाट उतरायचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो घाटाच्या बाजूने. गाडीचा गुरुत्वमध्य खाली गेला की ती वळणावर जास्त घट्ट चालते, मग घाटातल्या माणसाने तर गाडी लो करायलाच हवी, असं म्हणतात. तत्त्व खरं आहे, पण माप पाहायला हवं. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटरवर असतो. त्यातून चार सेंटिमीटर गेल्याने वळणावर एका बाजूच्या चाकांवर जाणारा भार पाच ते आठ टक्क्यांनी कमी होतो. घाटात तीस-चाळीसच्या वेगाने चालणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. उलट बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. त्यात गाडी खाली बसवली की खालचे दांडे वर कलतात आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि झुकवणारा जोर कमी होण्याऐवजी वाढू शकतो. त्यात घाटातलं वळण खडबडीत असलं, तर शॉकअपला न आवरणारी कडक स्प्रिंग चाकाला उसळवते. हवेत असलेल्या चाकाला पकड नसते. शर्यतीच्या गाड्या खाली असतात हे खरं, पण त्यांची धावपट्टी वेगळी, त्यांच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि दांडे एकमेकांसाठी बनवलेले, आणि त्यांच्यात मागे कोणी तुरीची पोती टाकत नाही.

दुसरा आक्षेप हौसेचा. गाडी माझी, पैसा माझा, मला ती खाली दिसायला आवडते. या आवडीला तुच्छ लेखायचं कारण नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्यांच्या डिकीत वाळूच्या गोण्या टाकून आणि स्प्रिंगा कापून लोरायडर नावाची एक कलाच उभी केली. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कायदा केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्वेटला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले, म्हणजे बटण दाबलं की गाडी वर आणि पुन्हा दाबलं की खाली. ते बंधन कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून उठवलं. हा इतिहास हौसेच्या बाजूचा म्हणून सांगतात, पण त्यातला धडा निराळा आहे. ते लोक सपाट, रुंद रस्त्यांवर मुद्दाम हळू चालवत, आणि त्यांची सर्वांत मोठी युक्ती गाडी गरजेला पुन्हा वर उचलण्याची होती. शिवाय रस्ता एकट्याचा नसतो. बांध आला की खाली बसवलेली गाडी जवळपास थांबते, तिरकी होते, समोरच्याच्या बाजूला शिरते. मागून येणाऱ्या ट्रकला हे अंधारात कळायला हवं. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा कमीअधिक कापल्या असतील तर दिव्यांचा झोतही ठरल्या जागी पडत नाही.

तिसरा आक्षेप असा, की बाजारात खाली बसवायच्या तयार स्प्रिंगा मिळतात, काही गाड्या कंपनीतूनच खाली येतात, मग हरकत कसली? तयार संच आणि कापलेली स्प्रिंग यांत फरक आहेच. चांगल्या संचात तार आणि वेढे नव्या उंचीच्या हिशेबाने घेतलेले असतात, टोकं नीट वळवलेली असतात, सोबत आखूड शॉकअप येतो आणि उंची बहुधा दोन-तीन सेंटिमीटरच उतरते. सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला तो मार्ग खुला आहे, तोही कायद्याची बाजू तपासून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका कडकपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसी बुकात उंची लिहिलेली नसते, अशी पळवाट कोणी दाखवील. पण गाडी बाजारात येण्याआधी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांत तिची जी तपासणी होते, ती तिच्या मूळ ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शनसह होते. स्प्रिंग कापलेल्या गाडीची तशी तपासणी कोणीच केलेली नसते. विमा कंपनीला न कळवलेला बदलही दाव्याच्या वेळी आड येऊ शकतो.

या मुद्द्याची उलटी बाजूही तेवढीच खरी आहे. ग्रामीण भागात स्प्रिंग कापण्यापेक्षा मालवाहू गाडीच्या कमानीत एक पाटा जास्त चढवायची रीत जुनी आहे, गाडी उंच राहावी आणि क्षमतेहून जास्त माल सोसावा म्हणून. तो व्यवहार हौसेचा नाही, पोटाचा आहे. पण हिशेब तोच. पाटा वाढला म्हणून ॲक्सल, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही. रिकाम्या गाडीत तो कडक पाटा हादरे देतो आणि भरलेल्या गाडीत भार चासीवर टाकतो. वेढा कापणारा आणि पाटा चढवणारा, दोघेही साखळीची एकच कडी बदलून बाकीच्या कड्या तशाच चालतील असं धरून चालतात.

म्हणून जिवतीच्या पहाडावर, किंवा अशाच कुठल्याही रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने गॅरेजात जाण्याआधी मोजपट्टी घ्यावी. घरची सगळी माणसं आणि नेहमीचं सामान गाडीत बसवावं, आणि चेंबरचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच राहतो ते मोजावं. मग रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट बांध आणि सर्वांत उंच वरंबा मोजावा. दोन आकड्यांतला फरक चार-पाच बोटांपेक्षा कमी निघाला, तर त्यातून एक बोटही देऊ नये. तो पैसा चांगल्या शॉकअपवर, टायरवर आणि अलाइनमेंटवर लावला तर गाडी घाटात खरोखरच घट्ट चालेल. एवढं करूनही हौस उरलीच तर पूर्ण संच घ्यावा आणि जुन्या स्प्रिंगा जपून ठेवाव्यात. कापलेला वेढा वेल्डिंगने परत जोडता येत नाही. नवी स्प्रिंगच विकत घ्यावी लागते.