हेडलाईटच्या काचेआडचे पाणी

विदर्भात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास पोहोचतो आणि पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की नागपुरातील गॅरेजांत हेडलाईटमध्ये पाणी गेल्याच्या तक्रारी सुरू होतात. ट्रक, खासगी बस, टॅक्सी यांच्यासोबत आता कॅराव्हॅनचाही, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या प्रवासी गाडीचाही, या संदर्भात विचार करावा लागतो, कारण महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. आपल्याकडे अशी गाडी बहुधा टेंपो ट्रॅव्हलरच्या किंवा बसच्या चासीवर बांधली जाते, त्यामुळे तिचे दिवे आणि त्यांची दुखणी मूळ वाहनाचीच असतात. फरक इतकाच, की सहलींच्या मधल्या काळात ती अनेक आठवडे उघड्यावर उभी राहते आणि आत शिरलेल्या ओलाव्याला दिव्याची ऊब मिळत नाही.

हेडलाईट हा हवाबंद डबा आहे, असा समज सर्वत्र आढळतो आणि दुरुस्तीतील बहुतेक चुका त्यातूनच होतात. पूर्वीचा सीलबंद बीम खरोखरच बंद असे. आजच्या दिव्यात पुढची काच पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकची आणि मागची पेटी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. पेटीच्या कडेला फिरणाऱ्या खाचेत चिकट सीलंट भरून त्यात काचेची कड दाबून बसवलेली असते. पेटीच्या मागे ब्रीदर असतात. ब्रीदर म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेली वाट. ती कधी वाकवलेली रबरी नळी असते, तर कधी हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पातळ पडदा. दिवा पेटला की आतील हवा फुगून या वाटेने बाहेर पडते आणि दिवा निवला की बाहेरची हवा आत येते. आतील हवा ७० अंशांवरून पावसाच्या माऱ्याने २५ अंशांवर आली, तर ती सुमारे १३ टक्के आकसते, आणि तेवढी जागा भरून काढण्यासाठी दिवा जिथून मिळेल तिथून हवा ओढतो. ब्रीदर धुळीने बुजलेला असेल आणि सांध्यात केसाएवढी चीर असेल, तर त्या चिरेवर साचलेले पाणीच आत खेचले जाते. कोराडी-खापरखेड्याकडच्या रस्त्यांवर औष्णिक वीज केंद्रांची बारीक राख मिसळलेली धूळ उडते. तिथे फिरणाऱ्या गाड्यांचे ब्रीदर म्हणूनच आधी तपासावेत.

सांध्यात चीर पडण्याचे एक मोठे कारण नागपूरचा उन्हाळा आहे. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे प्लास्टिक त्याहूनही बरेच तापते. काच आणि पेटी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यांच्यामधले सीलंट वर्षानुवर्षे ताणले जाऊन कडक होते आणि कडेला सुटते. उन्हाळ्यात पडलेली ही फट पावसाळा येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीआधी दव आणि गळती यांतील भेद ओळखणे आवश्यक असते. सकाळी काचेच्या आतून दिसणारा आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात विरून जाणारा पातळ धुरकटपणा हा दोष नव्हे. एलईडी दिव्यांत तो अधिक काळ टिकतो, कारण त्यांची उष्णता ती बाहेर टाकणाऱ्या मागच्या धातूच्या पात्यांकडे जाते आणि काच थंडच राहते. ओघळणारे थेंब आणि तळाशी हिंदकळणारे पाणी मात्र गळतीचेच लक्षण होय.

गळतीची जागा शोधण्याचे काम पाहण्यासारखे असते. दिवा गाडीवरून उतरवून मिस्त्री एक सोडून सर्व ब्रीदर चिकटपट्टीने बंद करतो, सांध्यावरून ब्रशने साबणाचे पाणी फिरवतो आणि उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच फुंकतो; कॉम्प्रेसरची हवा येथे वापरायची नसते, कारण तिच्या दाबाने चांगला सांधाही उकलतो. क्षणभर काहीच घडत नाही, मग एखाद्या कोपऱ्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उमलू लागतात आणि खडूची खूण तिथे पडते. पुष्कळदा बुडबुडे सांध्यावर येतच नाहीत, ते बल्ब झाकणाऱ्या मागच्या रबरी टोपीपाशी निघतात, कारण पंखा असलेला एलईडी बल्ब बसवताना ती टोपी कोणीतरी कापलेली असते. अशा वेळी नवी टोपी आणि तिच्यात मावणारा मूळ प्रकारचा बल्ब एवढ्यावर काम भागते.

सांधा खरोखरच सुटला असेल, तर बाहेरून सिलिकॉन फासणे हा उपाय टिकत नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनला ते नीट धरत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ आतील परावर्तकावरचा ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा काळवंडवू शकते. तळाला छिद्र पाडण्याचा जुना उपाय पाणी बाहेर काढतो खरा, पण धुळीला कायमची वाट करून देतो. योग्य पद्धत वेळखाऊ आहे: सांध्याला सावकाश ऊब देऊन काच सोडवायची, खाचेतील जुने सीलंट खरवडून काढायचे, ब्युटाइल रबराची नवी दोरी खाचेत अखंड फिरवायची आणि काच दाबून क्लॅम्पखाली थंड होऊ द्यायची. मधल्या वेळात पेटी कोरडी करताना परावर्तकाला फडका लावायचा नसतो, कारण एका पुसण्याने पडलेले ओरखडे पुन्हा निघत नाहीत. सौम्य गरम हवा आणि धीर पुरेसा असतो.

जोडणी झाल्यावर ब्रीदरवरची चिकटपट्टी काढली जाते, दिवा गाडीवर बसवून अर्धा तास पेटता ठेवला जातो आणि मग त्या तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतली जाते. रात्रभर गाडी तशीच उभी राहते. सकाळी काच आतून स्वच्छ दिसली, तरच मिस्त्री गाडी समोरच्या भिंतीपुढे उभी करून दोन्ही झोतांची उंची पेचकसाने जुळवायला घेतो.