न झालेल्या कराराचं गाणं
1989 साली ‘योथू यिंडी’ या ऑस्ट्रेलियन बँडचा पहिला अल्बम आला, ‘होमलँड मूव्हमेंट’. त्याच्या एका बाजूला रॉक होतं आणि दुसऱ्या बाजूला ईशान्य आर्नहेम लँडमधल्या मूलनिवासी योल्ङू लोकांची पारंपरिक गाणी. दोन्ही चांगली, पण शेजारी राहूनही एकमेकांच्या घरी न जाणारी. 1991 च्या ‘ट्रायबल व्हॉइस’ने ती भिंत पाडली. माझ्या मते ऑस्ट्रेलियन संगीतात त्या दशकात एवढं मोलाचं दुसरं काम झालं नाही.

बँडचा प्रमुख मंडावुई युनुपिंगू हा मुळात शिक्षक, यिर्काला या गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक. मुलांनी योल्ङू ज्ञान आणि गोऱ्यांची विद्या दोन्ही बरोबरीने शिकावं, असा त्याचा आग्रह होता. अल्बममध्येही तीच बरोबरी ऐकू येते. त्यातलं यिडाकी हे फुंकून वाजवायचं वाद्य म्हणजे वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड. त्याचा मूळ सूर लांबीवर ठरतो, वाजवताना तो हवा तसा बदलता येत नाही. त्यामुळे गिटारवाल्यांना एकतर जुळणारी यिडाकी शोधावी लागते, नाहीतर गाण्याची पट्टी बदलावी लागते. शिवाय वादकाचा श्वास तुटत नाही. गालात साठवलेली हवा बाहेर सोडतानाच तो नाकाने नवी हवा आत घेतो. त्या अखंड घुमण्यावर बिल्मा या लाकडी टिपऱ्यांचा कोरडा ठोका पडतो. ‘ट्रायबल व्हॉइस’मध्ये ही वाद्यं चवीपुरती शिंपडलेली नाहीत. रॉकच्या गाण्यांच्या मधोमध पारंपरिक गाणी ड्रम-गिटारशिवाय, स्वतःच्या हक्काने उभी आहेत.

याच अल्बममधलं ‘ट्रीटी’ (म्हणजे करार) हे गाणं मात्र सरळ राजकारणातून आलं. 1963 मध्ये यिर्कालाच्या लोकांनी खाणीसाठी जमीन बळकावण्याविरुद्ध झाडाच्या सालीवर रंगवलेला अर्ज संसदेला पाठवला होता. मंडावुईचे वडील त्या चळवळीतले. 1988 मध्ये बरुंगा इथे पंतप्रधान बॉब हॉक यांना मूलनिवासींचं निवेदन दिलं गेलं आणि त्यांनी मूलनिवासींशी करार करण्याचा शब्द दिला. पुढे काहीच घडलं नाही. मग गायक पॉल केली, ‘मिडनाइट ऑइल’ या रॉक बँडचा पीटर गॅरेट आणि ‘योथू यिंडी’चे सदस्य यांनी मिळून हे गाणं रचलं.

जून 1991 मध्ये ते बाजारात आलं, पण फारसं वाजलं नाही. मेलबर्नच्या ‘फिल्दी ल्यूकर’ या रीमिक्स करणाऱ्या गटाने त्याचं नाचायला लावणारं रीमिक्स केलं आणि ते ऑस्ट्रेलियन यादीत 11व्या क्रमांकावर गेलं. त्या रीमिक्समध्ये इंग्रजी शब्द बहुतेक गाळले होते. मागणीची धार त्यात बोथट झाली, ही तक्रार मला पटते. पण त्यामुळेच योल्ङू भाषा देशभरच्या रेडिओवर आणि डिस्कोत दणाणली, हेही तितकंच खरं. मूळ गाणं आणि रीमिक्स दोन्ही ऐकावीत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

डिसेंबर 1991 मध्ये पायउतार होताना हॉक यांनी बरुंगाचं निवेदन संसद भवनात लावलं. जून 1992 मध्ये माबो खटल्याच्या निकालाने मूलनिवासींचा जमिनीवरचा पूर्वापार हक्क मान्य झाला. देशपातळीवरचा करार मात्र आजवर झालेला नाही. मंडावुई 1992 चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरला आणि 2013 मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने 56 व्या वर्षी गेला. 2023 मध्ये, संसदेपुढे मूलनिवासींचं म्हणणं मांडणारं मंडळ राज्यघटनेत आणण्याचा प्रस्तावही मतदारांनी फेटाळला. हे सगळं माहीत असताना ‘ट्रीटी’ ऐकलं की त्यातला उत्साह आता टोचतो.

संगीताचा धागा मात्र तुटला नाही. ‘योथू यिंडी’त लहान वयात वाजवणारा, जन्मांध गुरुमुल पुढे एकटा गाऊ लागला. 2017 मध्ये त्याचं निधन झालं आणि पुढच्या वर्षी ‘जारीमिरी’ हा अल्बम आला. यिडाकीचे बोल त्यात चेलोवर घेतले आहेत. ऑस्ट्रेलियन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला मूलनिवासी भाषेतला तो पहिला अल्बम.